मागचं सगळं

धम्मप्रिया लग्नाचे फोटो काढायची, आणि लग्नात तिच्या वाट्याला कायम शेवटची पंगत यायची. वऱ्हाड जेवून सुस्तावलं, नवरा-नवरीनं एकमेकांना घास भरवले, त्याचेही फोटो झाले, की मग ती कॅमेरा मांडीवर घेऊन जनरेटरवाल्याच्या शेजारी बसायची. तोही दमलेला, तीही दमलेली. "जिलेबी घ्या की मॅडम," एवढंच काय ते बोलणं. दिवसभर माणसांच्या गर्दीत वावरून ती भवानी पेठेत परतली की खाली स्टुडिओचं शटर, वर खोलीचं कुलूप आणि पलीकडच्या बोळातली यंत्रमागांची खडखड. माग बंद असले की तिला उलट करमायचं नाही.

आईवडील पाठोपाठ गेले होते. थोरला भाऊ दिपक रेल्वेत, नागपूरला. रविवारी फोन करायचा. हवापाण्याचं बोलून झालं की दोघंही गप्प व्हायचे. लग्नाचं म्हणाल तर दोन-तीन स्थळं आली होती, मग आईचं दुखणं आलं, आणि ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

कामात मात्र तिचं नाव होतं. सोलापुरात लोक तिच्याकडं यायचे ते एकाच गोष्टीसाठी. "मागचं सगळं उडवून टाका मॅडम, तुमचं असतं तसं." ती लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायची. मग नवरीच्या पापणीचा केस न् केस दिसायचा आणि तिच्या मागचं जग दुधात विरघळल्यासारखं व्हायचं. मांडवातली प्लास्टिकची फुलं, लोंबणाऱ्या वायरी, तोबरा भरून उभा असलेला पाहुणा, सगळं जाऊन नुसते उजेडाचे गोल उरायचे. गिऱ्हाईक खूश. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं. एवढ्या गर्दीतून एकच माणूस वेगळा काढायचा, आणि घटकाभर तो आपल्या एकटीचाच असल्यासारखा बघत राहायचं. दुसरं कोण होतं तिला बघायला?

संक्रांतीच्या आसपास एक दिवस फोन आला.

"मी मानसिंग बोलतोय, श्रीपूरवरनं. वैष्णवीचा चुलता. वळकलं का?"

वैष्णवीच्या लग्नाचे फोटो दिवाळीनंतर तिनंच काढले होते. तिला आठवलं. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. मंगलाष्टकं चालू असताना मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच उभा होता. तिनं त्याचा चेहरा टिपला होता.

"माझा एक फोटो काढायचा हाय. पन हितं येऊन. घरासंगट."

मानसिंग श्रीपूरच्या साखर कारखान्यात फिटर होता. उभी नोकरी कॉलनीतल्या एकाच क्वार्टरमध्ये काढली. आता निवृत्त झाला होता आणि महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. बायको दोन वर्षांमागं गेली. मुलगा युवराज पुण्याला. तो न्यायला येणार होता.

"काका, अकलूजला फोटोवाले असतील की. मी सोलापूरहून यायचं म्हणजे—"

"हायत की. पन ते नुसतं काढत्यात. तुमी त्या दिवशी मला बघून काढला हुता."

यावर नाही म्हणणं तिला जमलं नाही.

दोन एसट्या बदलून ती दुपारी श्रीपुरात उतरली. हंगाम जोरात होता. उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याच्या कडेनं नंबरला लागलेल्या, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास, आणि चिमणीतून उडालेली काळी राख सगळीकडं बारीक बारीक पडत असलेली. मानसिंग फाटकापाशीच उभा होता. धुवून इस्त्री केलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी.

"नाव काय म्हनलासा तुमचं?"

"धम्मप्रिया."

नाव ऐकल्यावर काही लोकांचा आवाज किंचित बदलतो, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ह्याचा बदलला नाही. "लांबलचक हाय. मी पोरी म्हनतो," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला.

घरात गाठोडी बांधलेली. भिंतीवर कॅलेंडर काढल्याचे चौकोन उरलेले. त्यानं स्वतः चहा केला, तोही पाकासारखा गोड. "कारखान्याची साखर हाय, लाजायचं न्हाय." कप रिकामा व्हायच्या आत त्यानं तिला बाहेर नेलं. रस्त्यात त्यानं आधीच खुर्ची मांडून ठेवली होती.

"हितं मी बसनार. माझ्या मागं हे दार यायला पायजे. ह्यो कडीपत्ता तिनं लावलेला, ह्यो. त्याच्या पल्याड नळ. मग क्वार्टरांची वळ, टोकाला ते बदामाचं झाड, गाड्या, आनि पार मागं चिमणी. सगळ्यास्नी सांगून ठेवलंय, पाच वाजता आपापल्या दारात हुबं ऱ्हावा म्हून. फोटुत माझी कॉलनी आली पायजे."

धम्मप्रियानं मान हलवली. पण हात सवयीचा गुलाम. तिनं नेहमीची लेन्स लावली, नेहमीसारखी उघडी ठेवली आणि तो खुर्चीत बसता बसताच एक फोटो घेतला. पाठीमागच्या पडद्यावर तो बघून ती मनातून खूश झाली. तिरपं ऊन मिशीवर आलेलं, डोळ्यांत थोडं पाणी, कपाळाची रेघ न् रेघ. तिनं त्याला दाखवला.

मानसिंगनं कॅमेरा दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितला.

"झ्याक हाय," तो म्हणाला. मग अंगठ्यानं पडद्याच्या कडा चाचपल्या. "पन पोरी, ह्यो कुटंबी काढता आला असता की. पुन्यातबी."

तिला ते लागलं. इतक्या वर्षांत तिच्या फोटोला कुणी असं बोललं नव्हतं.

ती स्टँड काढू लागली. रुंद दिसणारी दुसरी लेन्स चढवली. लेन्सचं तोंड बारीक केलं, इतकं की उजेड थेंबाथेंबानं आत यावा. फोकस त्याच्या चेहऱ्यावर न ठेवता थोडा मागं, नळाच्या दिशेनं सरकवला, म्हणजे पुढचा माणूस आणि मागची चिमणी दोन्ही तिच्या आवाक्यात येतील. करता करता ती त्याला समजावत होती.

"सगळं स्वच्छ यायचं तर उजेड कमी मिळतो, काका. म्हणून फोटोला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही हलायचं नाही. मान वळवायची नाही, मागं बघायचं नाही. नाहीतर तुम्हीच पुसले जाल."

"न्हाय हलत. आमी यंत्रापाशी हुबं ऱ्हायलेली मानसं."

पाच वाजले. दारं बंदच. एका दारात एक म्हातारी आली, ताटातला खरकटा भात कोंबड्यांना टाकून आत गेली. मानसिंग खुर्चीतून सारखा मागं वळून बघत होता.

"येतील आता."

कुणी आलं नाही. बायका कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला हळदीकुंकवाला गेल्या होत्या. गडी माणसं कामावर, नाहीतर पाळी संपवून झोपलेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सांगितलेलं लोक विसरले, इतकंच. उन्हं बदामाच्या शेंड्यावर गेली.

"थांबूया अजून थोडं," धम्मप्रिया म्हणाली. तिलाच त्या रिकाम्या दारांकडं बघवत नव्हतं.

"नगं. उजेड चाललाय." त्यानं टोपी सारखी केली, हात गुडघ्यांवर ठेवले. "काढ तू. मानसं न्हाईत तर न्हाईत. दारं हायत की."

बैलगाड्या पुढं सरकल्या की चित्रात नुसता पट्टा उमटणार, म्हणून रांग थांबली की ती बटण दाबायची, हलली की थांबायची. असे बरेच फोटो घेतले. मानसिंग दगडासारखा बसून होता. तिचं लक्ष एकदा त्याच्यावर, एकदा गाड्यांवर. बाकी काही तिनं पाहिलं नाही.

सोलापूरला आल्यावर तिनं ते फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघायला घेतले. इतकं सगळं स्वच्छ बघायची तिच्या डोळ्यांना सवयच नव्हती. नळाखालची कळशी दिसत होती, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल दिसत होता, गाडीतल्या बैलाचं शिंग दिसत होतं. असं फिरता फिरता ती मानसिंगच्या पाठीमागच्या तिसऱ्या दारापाशी अडखळली.

पहिल्या फोटोंत ते दार बंद होतं. मग एका फोटोत उघडं, आणि चौकटीला हात लावून बनियनवर उभा असलेला एक म्हातारा. त्याच्या पुढच्या फोटोत तो एक पायरी उतरला होता आणि मानसिंगच्या पाठीकडं एकटक बघत होता. हात अर्धवट वर आलेला, हाक मारताना येतो तसा. शेवटच्या फोटोत दार पुन्हा बंद.

एकजण तरी आला होता म्हणायचा! तिला बरं वाटलं. नेमका पायरी उतरल्याचाच फोटो सगळ्यांत चांगला होता. मानसिंगचा चेहराही त्यातच नीट आला होता. तिनं तोच निवडला.

दोन दिवसांनी मानसिंग फोटो न्यायला स्वतः सोलापूरला आला. तिनं आधी पडद्यावर दाखवला. तो एकेका वस्तूवर बोट ठेवत हरखून गेला. "कडीपत्ता आला बघ. ह्यो नळ. ही चिमणी, धूरसुद्दा आलाय की!" मग बोट तिसऱ्या दारापाशी गेलं आणि तिथंच राहिलं.

"ह्यो कवा आला?"

"फोटो काढताना. मलाही दिसले नव्हते. कोण आहेत?"

मानसिंग स्टुलावर बसला. पाणी मागून घेतलं. मग हळूहळू सांगितलं. जोतिराम त्याचं नाव, कारखान्यातच होता, वयानं थोडा धाकटा म्हणून अजून नोकरीत. दोघं एकाच हंगामात कामाला लागले, एका डब्यात जेवले. जोतिरामच्या मुलीला युवराजसाठी करायची, असं पोरं लहान असल्यापासून ठरलेलं. पुढं युवराज पुण्याला शिकायला गेला आणि तिथलीच मुलगी पसंत करून आला. "मी पोराला जबरदस्ती केली न्हाय. जोतिराम म्हनला, तू शब्द फिरवलास. भर हापशावर म्हनला. तवापासनं बोलनं बंद. अकरा वर्सं झाली. लेकीचं चांगलं झालं त्याच्या, बारशी-लग्नं झाली, पन आमाला कुनी बोलावलं न्हाय, आमी कुनाला बोलावलं न्हाय. माझी बायकू गेली तवा आला. तिरडीला खांदा दिला. बोलला न्हाय." मग पडद्याकडं बोट करून तो म्हणाला, "ह्याला काढून टाक."

"काका—"

"तुमास्नी येतंय की ते. मागचं उडवायला."

येत होतं. तिनं आधी नुसता तेवढाच भाग पुसट करून पाहिला, तर पायरीवर डाग पडल्यासारखं दिसायला लागलं. नजर उलट तिथंच जायची. मग तिनं जोतिरामला चित्रातून पुरता काढला. आजकाल त्याला काही वेळ लागत नाही. पायरी रिकामी झाली. मागं दार तेवढं सताड उघडं राहिलं.

मानसिंग पुढं वाकून बघू लागला. बाहेर रिक्षावाल्यांची कन्नड-तेलुगूत हुज्जत चालली होती, ती मिटली, तरी तो बघतच होता.

"दार उघडं टाकून कोन जातंय," तो स्वतःशीच बोलला. मग म्हणाला, "ठेव त्याला. हुता तसा ठेव."

तिनं ठेवला. फोटो छापून येईपर्यंत तो स्टुलावरून उठला नाही. निघताना दारात थांबला.

"मी त्या वक्ताला मागं वळून बघितलं असतं तर?"

धम्मप्रियाच्या तोंडून पटकन निघून गेलं, "फोटो हलला असता."

"व्हय. तूच म्हनलीवतीस, हलू नका म्हून."

तो रागानं बोलला नव्हता. पण तो गेल्यावर तिला काम सुचेना. तिच्या पुढ्यात एक माणूस हाक मारायला पायरी उतरला होता, आणि ती बैलगाड्या थांबायची वाट बघत होती. "अजून चार दिवस आहात की तिथं, जाऊन या त्यांच्याकडं," असं ती त्याला म्हणायला हवी होती. तिला ते सुचलं तेव्हा त्याची एसटी हायवेला लागली असणार.

नंतर लग्नसराई सुरू झाली. मांडव, जिलेबी, शेवटची पंगत. फक्त एक व्हायला लागलं. नवरीवर फोकस धरला की तिला मागच्या विरघळलेल्या माणसांची रुखरुख लागायची. कोण असेल तो, कुणाकडं बघत असेल? मग ती गुपचूप लेन्सचं तोंड बारीक करून दोनचार फोटो सगळ्यांचे घ्यायची. अल्बमात ते कुणी निवडायचं नाही.

एप्रिलातल्या एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, स्टुडिओच्या पायरीवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात सदरा होता तरी तिनं त्याला लगेच ओळखलं. त्याला मात्र ती आपल्याला ओळखेल असं वाटलं नव्हतं.

"मानसिंगच्या पुतनीकडनं पत्ता घेतला. पावन्याच्या लग्नाला आलोवतो. त्याचा फोटु हाय म्हनं तुमच्याकडं."

"या, जोतिरामकाका," ती म्हणाली, आणि त्यानं चमकून तिच्याकडं पाहिलं.

तिनं त्याला तो फोटो दाखवला. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"मी दिसतोय व्हय ह्यात?"

"दिसताय."

"त्यानं बगितला?"

"बघितला. तसाच घेऊन गेले पुण्याला."

"हाक मारनार हुतो," जोतिराम म्हणाला. "पन त्यो असा ताठ बसलावता, मला वाटलं मुद्दाम बगंना. मग मी म्हनलं, जायच्या आदी दार वाजवंल की. त्योबी तसंच म्हनत बसला आसंल. टेम्पू भरायच्या दिशी मी कारखान्यात जाऊन बसलो. सांजच्याला आलो तर कुलूप."

तिनं विचारलं, ह्याची प्रत काढून देऊ का? जोतिरामनं मान हलवली.

"ह्यातलं समदं मला रोजच दिसतंय, बाई. झाड हाय, नळ हाय, चिमनी हाय. त्यो तेवडा न्हाय. नुसतं त्याचं तोंड मोठं दिसंल, असा एकांदा न्हाय का?"

होता. मानसिंगला नको झालेला तो फोटो तिनं पुसला नव्हता. पडद्यावर मिशी, डोळे, कपाळ उमटलं, आणि मागं कुठलंच गाव नाही. जोतिरामनं हात पुढं केला आणि काचेला न लावता तसाच मागं घेतला.

"ह्योच."

माणसाला न विचारता त्याचा फोटो दुसऱ्याला द्यायचा नाही, हा तिचा नेम होता. तिनं मानसिंगला फोन लावला. जोतिराम एकदम उठून उभा राहिला, पण गेला नाही.

"काका, मी धम्मप्रिया. तुमचे शेजारी आलेत इथं. जोतिरामकाका. तुमचा फोटो मागतायत. देऊ?"

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.

"दे की," मानसिंग म्हणाला. "तितंच हाय का?"

"समोरच आहेत. देते त्यांच्याकडं."

तिनं एका हातानं फोटो छापायला लावला आणि फोन पुढं केला. जोतिरामनं दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. "गुडगा कसा हाय विचारा," तो पुटपुटला.

"गुडघा कसा आहे विचारतायत."

"हाय तसाच. लिफ्ट हाय, चढायचं काम न्हाय. त्याला म्हनावं, तमाकू सोड."

तिनं सांगितलं. जोतिराम हसल्यासारखा झाला. "सोडली म्हनावं. डाक्टरनं लावली सोडायला." मग खाली बघत म्हणाला, "कडीपत्त्याला पानी घालतोय म्हनावं. नवा आलेला मानूस घालंना."

तिनं तेही सांगितलं. छापून आलेला फोटो पाकिटात घालून जोतिरामसमोर ठेवला. तिनं पुन्हा एकदा फोन पुढं धरला. "बोला ना. एकच शब्द." जोतिरामचा हात फोनपर्यंत आलासुद्धा. मग त्यानं हात परत छातीशी घेतला, बसची वेळ झाली म्हणाला, आणि फोटोचं पाकीट सदऱ्याच्या आत सरकवून उन्हात उतरला. डोक्यावर टॉवेल घेऊन तो कोपऱ्यापर्यंत गेला, तिथं जरा थांबला आणि वळून दिसेनासा झाला.

"गेला?" मानसिंगनं विचारलं.

"गेले."

"बरा दिसतोय का?"

"वाळलेत थोडे. पण बरे आहेत."

"वाळलाच हुता त्यो." तो खोकला. मग फोन ठेवायच्या ऐवजी बोलतच राहिला. नवव्या मजल्यावर राहतो. युवराज आणि सून सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात. लिफ्टमधली माणसं आपापल्या फोनमध्ये बघतात, कुणी कुणाला विचारत नाही. फोटो त्याच्या खोलीत लावलाय. सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांतल्या एकीनं विचारलं, आजोबा, ते मागं उभे आहेत ते कोण?

"मग काय सांगितलंत?"

"शेजारी म्हनलं." पुन्हा खोकला आला. "दुसरं काय सांगायचं. शेजारी हाय म्हनलं."

तेवढ्यात एक तरुण मुलगा घाम पुसत आत आला, पासपोर्टचे फोटो हवेत म्हणाला. तिनं त्याला खुणेनं बसायला सांगितलं आणि फोन दुसऱ्या कानाला घेतला. मानसिंग आता पाण्याच्या चवीबद्दल सांगत होता. तिला घाई नव्हती. तिनं त्याला बोलू दिलं. मधे मधे हं म्हणत राहिली. शेवटी त्याच्याच लक्षात आलं.

"कामात असशील. पुन्याला आलीस तर ये."

"येते की."

कधी येणार ते त्यानंही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. फोन ठेवून ती उठली, भिंतीवरचा पांढरा पडदा खाली ओढला, मुलाला त्याच्यापुढं बसवलं आणि कॉलर सरळ करायला सांगितली. मुलानं मागं वळून बघितलं. मागं काहीच नव्हतं. तो पुन्हा समोर बघू लागला.